घरच्या डीव्हीडी संगणकावर घेताना : आधी अस्सल उतरवा, मग कात्री लावा

कोकणातल्या मुस्लिम वस्तीत लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी नाही, असे घर क्वचितच सापडेल. अष्टमी, रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागातील कितीतरी कर्ती माणसे कुवेत, सौदी, दुबई, कतार येथे नोकरीला आहेत. बहिणीच्या निकाहाला भावाला रजा मिळाली नाही, तर निदान शूटिंग तरी पाठवायचे, हा आमच्याकडचा रिवाज. पूर्वी ते व्हीएचएस कॅसेटवर जायचे. २००० सालानंतर डीव्हीडीवर जाऊ लागले.

आम्ही कापडवाले. लग्नाचा बस्ता बांधायला येणारे गिऱ्हाईक गादीवर बसले की घरच्या चार गोष्टी बोलते. त्यात अलीकडे एक तक्रार वारंवार कानावर येते. डीव्हीडी प्लेअर बंद पडला, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही, आणि मरहूम वडिलांचे चालणे-बोलणे फक्त त्या डिस्कमध्ये आहे. ते संगणकावर कसे घ्यायचे? त्यातला नेमका भाग कापून बाहेरगावच्या भावंडांना कसा पाठवायचा?

पुष्कळ ठिकाणी या कामाची रीत चुकीची आहे. दोन तासांचे लग्न मोबाइलवर पटकन जाईल इतके आवळून दिले जाते आणि काम झाले म्हणून डिस्क अडगळीत किंवा भंगारात जाते. पुढे मोठ्या पडद्यावर पाहायला बसले की चेहरे पुसट दिसतात आणि मूळ डिस्क तर गेलेली असते. हे नुकसान पैसे मोजूनही भरून येत नाही. म्हणून हा हुनर घरच्यांनी आणि या धंद्यात असलेल्या आमच्या तरुणांनी नीट समजून घ्यावा.

घाई का करावी

व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. डीव्हीडी १९९६ साली आली. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले आणि कॅसेटचा जमाना संपला. त्याआधीच अनेकांनी कॅसेटवरचे लग्न डीव्हीडीवर उतरवून घेतले आणि कॅसेट टाकून दिली. त्यामुळे १९८८ किंवा १९९५ सालच्या लग्नाचीही आज एकच अस्सल प्रत उरली आहे, ती म्हणजे ती चकचकीत डिस्क.

घरी भरलेली डिस्क आणि बाजारातली सिनेमाची डिस्क यांत फरक आहे. सिनेमाच्या डिस्कवर मजकूर साच्याने ठसवलेला असतो. घरी भरलेल्या डिस्कवर तो रंगाच्या पातळ थरावर लेसर किरणाने उठवलेला असतो. कापडाचा रंग उन्हात विटतो तसा हाही रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने बिघडतो. आमच्या रायगडात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. २६ जुलै २००५ चा पूर आणि ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ यांत घरात पाणी शिरून किंवा छप्पर उडून किती कागदपत्रे आणि फोटो गेले, ते आपण पाहिले आहे.

एकुलत्या एक प्रतीचा भरवसा नसतो. 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या नामवंत चित्रपटाची ही गत, तर घरच्या डिस्कची काय कथा?

डिस्कमध्ये असते काय

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माल मावतो. विंडोज संगणक तोच आकडा ४.३७ असा दाखवतो. मोजण्याची रीत निराळी असल्यामुळे तसे होते, काही कमी झालेले नसते. हँडीकॅममध्ये जाणारी ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क १.४ जीबीची असते.

डिस्क संगणकात उघडली की 'व्हिडिओ-टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. त्यात तीन जातीच्या फाइली असतात. व्हीओबी फाइलीत चित्र आणि आवाज असतो. आयएफओ ही त्याची यादी असते, म्हणजे कोणता भाग कोठे सुरू होतो त्याची नोंदवही. बीयूपी ही त्या नोंदवहीची जोडप्रत असते.

एक व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून एकच लग्न चार-पाच तुकड्यांत पडलेले दिसते. हे तुकडे वेगवेगळे नसतात. एकाच ताग्याच्या त्या घड्या असतात. प्रत्येक तुकडा सुटा घेऊन त्याचे रूपांतर केले, तर जोडाच्या जागी आवाज तुटतो किंवा चित्र अडखळते. नवशिक्यांच्या हातून नुकसान होते ते बहुधा येथेच.

चित्र एमपीईजी-२ या पद्धतीने दाबून भरलेले असते. आपल्याकडच्या डिस्कवर ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चित्रांचे असते. ही सर्व चित्रे पूर्ण नसतात. सुमारे अर्ध्या सेकंदाच्या १२ ते १५ चित्रांच्या गटात एकच चित्र पूर्ण असते. बाकीच्यांत फक्त काय बदलले तेवढीच नोंद असते. बसून पाहण्यासाठी ही रीत उत्तम आहे, पण नेमके कापण्यासाठी अडचणीची.

पहिले काम : अस्सल उतरवणे

या लेखातली मुख्य गोष्ट हीच. पहिल्या दिवशी काहीही कापू नये, आवळू नये, सुधारू नये. डिस्कवर जे आहे ते जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. तागा दुकानात आला की आधी तो मोजून फळीवर ठेवतात, लगेच कात्री लावत नाहीत, तसेच हे आहे.

लॅपटॉपला डिस्कची सोय नसेल तर यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. मग 'इम्गबर्न' या मोफत प्रोग्रामने पूर्ण डिस्कची एक आयएसओ फाइल करावी. ती म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, मेनूसकट. विंडोजच्या ८ व्या आवृत्तीपासून पुढे ही फाइल नुसती दोनदा क्लिक केली की डिस्क घातल्यासारखी उघडते. चांगल्या स्थितीतली डिस्क साधारण दहा-पंधरा मिनिटांत उतरते.

उतरवल्यावर 'व्हीएलसी' प्लेअरवर ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून पाहावी. शेवट तर अवश्य पाहावा. डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि हाताचे डाग, ओरखडे जास्त करून बाहेरच्या कडेला असतात, म्हणून दगा बहुधा शेवटच्या भागात होतो.

जागेची चिंता करू नये. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर पूर्ण भरलेल्या सुमारे २०० डीव्हीडी मावतात. बहुतेक घरांचा सारा खजिना त्यात बसून जागा उरते.

डिस्क कोरी दिसली तर

कधी कधी डिस्क प्लेअरवर चालते, पण संगणकाला ती कोरी दिसते. अशा वेळी डिस्क कशी वापरायची, असा प्रश्न संगणक विचारतो. तेथे होकार देऊ नये आणि डिस्क फॉरमॅट मुळीच करू नये. बहुतेक वेळा त्या डिस्कचे 'फायनलाइझ' करायचे राहिलेले असते. ज्या रेकॉर्डरने किंवा हँडीकॅमने ती भरली त्याच यंत्रात घालून मेनूमधून फायनलाइझ केले की संगणक ती वाचतो. यंत्र उरलेले नसेल तर 'आयसोबस्टर'सारखा प्रोग्राम अशा डिस्कमधूनही माल काढू शकतो.

८ सेंटिमीटरची डिस्क बाहेर येणाऱ्या ट्रेच्या ड्राइव्हमध्येच, आतल्या लहान खाचेत बसवून लावावी. नुसत्या फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते.

डिस्क मळलेली असेल तर मऊ सुती किंवा मलमलीच्या स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल फिरवून पुसू नये. डिस्कवरची नोंद गोलाकार असते, त्यामुळे गोल ओरखडा जास्त नडतो. टूथपेस्ट लावण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी, पुष्कळदा त्यात वाचते. पहिल्या दोन प्रयत्नांत जमले नाही, तर डिस्क हट्टाने फिरवत न ठेवता जाणत्या माणसाकडे द्यावी.

दुसरे काम : संपादनाची फाइल

अस्सल सुरक्षित झाल्यावर संपादनाची फाइल करावी. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत न आवळता. 'मेक-एमकेव्ही' हा प्रोग्राम डीव्हीडीसाठी मोफत आहे. तो सर्व तुकडे योग्य क्रमाने जोडून एक एमकेव्ही फाइल देतो. चित्राला आणि आवाजाला हात लागत नाही, दर्जा तोच राहतो. एक एहतियात ठेवावी. हा प्रोग्राम १२० सेकंदांपेक्षा लहान भाग सोडून देतो, अशी त्याची मूळ रचना आहे. हँडीकॅमच्या डिस्कवर एक-एक मिनिटाचे भाग असतात. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा आधी कमी करावा, नाहीतर लहान बाळाचे पहिले पाऊल राहून जायचे.

दुसरी रीत रूपांतराची. काही संपादन प्रोग्राम एमपीईजी-२ घेत नाहीत, काही चित्र घेतात पण डीव्हीडीचा आवाज घेत नाहीत. तेथे 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्रामने एच-२६४ पद्धतीची एमपी-४ फाइल करावी. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट दर्जाची. 'आरएफ' नावाचा आकडा १८ ते २० ठेवावा. आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान आणि चित्र खराब.

दुसरी गोष्ट रेघांची. जुन्या कॅमेऱ्याचे चित्र दोन अर्ध्या भागांत विणलेले असते, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या. संगणकावर हात हलला की कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या यामुळे. त्यासाठी 'डीइंटरलेस' ही सोय चालू करावी. अस्सल प्रतीला मात्र हे करू नये, कारण एकदा काढलेल्या रेघा परत आणता येत नाहीत.

तिसरी गोष्ट गतीची. सेकंदाला २५ चित्रे, आणि ती 'कॉन्स्टंट' म्हणजे कायम, असे निवडावे. गती कमीजास्त राहिली तर संपादनात ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो.

चौथी गोष्ट आकाराची. ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे हे चित्र जुन्या चौकोनी पडद्यावर ७६८ बाय ५७६ असे, आणि रुंद पडद्यावर १०२४ बाय ५७६ असे दिसायला हवे. येथे चूक झाली तर नवरदेव एकतर काडीसारखा दिसतो किंवा पिंपासारखा.

'डीव्हीडीचे फुल एचडी करून देऊ' असेही कोणी म्हणतात. फुल एचडीत डीव्हीडीच्या पाचपट ठिपके असतात. नसलेले चार भाग संगणक अंदाजाने भरतो. पाच वार कापड ओढून दहा वार होत नाही. त्या नावाखाली जादा पैसे देण्यापूर्वी गिऱ्हाइकाने विचार करावा.

कापताना

संपादनासाठी 'शॉटकट' हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. केवळ पुढचा-मागचा नको असलेला भाग काढायचा असेल तर 'लॉसलेसकट' वापरावा. तो पुन्हा न आवळता कापतो, पण कात्री पूर्ण चित्राच्या जागीच नीट चालते, म्हणजे अर्धा सेकंद इकडे-तिकडे. छापील साडीचा रिपीट पाहूनच कापावे लागते, त्यातलाच हा प्रकार. निकाहाची कबुली अगदी नेमक्या शब्दापासून हवी असेल, तर रूपांतर केलेल्या फाइलवर काम करावे.

कॅसेटच्या काळात हे काम फार कष्टाचे होते. यंत्रमागांच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट व्हिडिओवर तयार केला. संकलन काय असते ते ते व्हीसीआरवरच शिकले. पुढे मालेगावच्या या हौसेवर २००८ साली माहितीपट निघाला आणि २०२५ साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट लागला. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर घेतले की चित्र दर वेळी थोडे फिकट व्हायचे. संगणकावर फाइलीची नक्कल हजार वेळा केली तरी फिकी पडत नाही. मात्र रूपांतर केले, म्हणजे पुन्हा आवळले, की दर्जा दर वेळी घसरतोच. म्हणून प्रत्येक नवे संपादन अस्सलवरून करावे, आधीच्या संपादनावरून नव्हे.

पाठवण्याच्या बाबतीतही तेच. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर तो जुन्या फॅट-३२ पद्धतीचा आहे असे समजावे. आतला माल दुसरीकडे काढून ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

ही अमानत आहे

ही बाब यंत्राची नाही, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. लग्नाच्या डिस्कमध्ये घरातल्या स्त्रिया असतात, मेंदी-हळदीचा भाग तर केवळ घरच्यांसाठी असतो. इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणाऱ्या जागांवर अशी फाइल चढवू नये. एकदा आपल्या हातून गेलेली फाइल कोठे राहते ते आपल्याला कळत नाही. वर सांगितलेले सर्व प्रोग्राम आपल्याच संगणकावर चालतात, इंटरनेट बंद ठेवूनही काम होते.

जो दुकानदार हे काम घेतो त्याने डिस्क मोजून पावती द्यावी, काम पोहोचते केल्यावर आपल्या संगणकावरील नक्कल किती दिवसांनी पुसणार ते पावतीवर लिहावे आणि त्याप्रमाणे पुसावी. नमुना म्हणून कोणाचे लग्न आपल्या मोबाइलवर दाखवू नये. काही घरांत डिस्क बाहेर देणेच पसंत नसते. तेथे घरच्या मुला-मुलींनीच हे शिकून घ्यावे. ते दोन दिवसांत येण्यासारखे आहे.

कायद्याचे दोन शब्द

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाकडून फोटो किंवा चित्रफीत करवून घेतली आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे पैसे देऊन करवलेले लग्नाचे शूटिंग घरच्यांचे, त्याची नक्कल करायला शूटिंगवाल्याची परवानगी लागत नाही. मात्र त्यात मागे लावलेली सिनेमाची गाणी आपली होत नाहीत. असे शूटिंग यूट्यूबवर टाकले तर गाण्याचे मालक हरकत घेऊ शकतात.

सिनेमाच्या डिस्कचे प्रकरण वेगळे. तिला कुलूप असते, आणि हक्क डावलण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे. दुकानात असे काम घेऊ नये. घरी भरलेल्या डिस्कला कुलूप नसते, म्हणून वर सांगितलेले काम सरळ होते.

धंदा म्हणून

गावातला एखादा तरुण एक साधा संगणक, दोन यूएसबी ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क यांवर हे काम सुरू करू शकतो. दर दोन ठेवावेत, अस्सल उतरवण्याचा डिस्कमागे आणि संपादनाचा तासामागे. गिऱ्हाइकाला दोन फाइली द्याव्यात, एक अस्सल आयएसओ आणि एक पाहण्याजोगी एमपी-४. न उतरलेल्या डिस्कचे पैसे घेऊ नयेत. चोख काम केले तर एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात नाव आपोआप जाते. मात्र हे काम काही वर्षांचेच आहे. डिस्क खराब झाल्या की कामही संपेल आणि डिस्कमधली माणसेही गेलेली असतील.

घरच्यांसाठी हिशोब सोपा आहे. तीन प्रती ठेवाव्यात : एक संगणकावर, एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांकडे. म्हणजे कुंडलिकेला पूर आला तरी एक प्रत कोरडी राहील. फाइलीच्या नावात साल आणि प्रसंग लिहावा. आणि मूळ डिस्क फेकू नये. ती उभी, डबीत, उन्हापासून दूर ठेवावी.

सुरुवात सर्वांत जुन्या डिस्कपासून करावी, आणि त्यातही जिच्यात आज हयात नसलेल्या माणसाचा आवाज आहे, ती आधी घ्यावी.